‘भाडोत्री’ म्हणालात म्हणून

नमस्कार तबकडीवाले,

तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच रात्री उत्तर लिहायला घेतलं होतं. पण रागात लिहिलेलं सकाळी पुसावं लागतं, हा अनुभव आहे. म्हणून दोन दिवस थांबलो.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. साठ-सत्तरच्या दशकांतल्या रॉक रेकॉर्डांवर वाजवणाऱ्या सेशन वादकांबद्दल, म्हणजे बँडचे नसलेल्या पण पैसे घेऊन रेकॉर्डिंगपुरतं वाजवणाऱ्या वादकांबद्दल, मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की मी मोठमोठ्या बँडांना उगाच खाली ओढतोय. ही माणसं ‘भाडोत्री’ होती, तासाचे पैसे घेऊन घरी गेली, विषय संपला. आपल्याकडे तरी तबलजीला गाण्याचा कर्ता कोण म्हणतं? शिवाय लेखात चुका आहेत, आणि तुमच्याकडे मूळ एलपी आहेत, त्यांच्या मागची नावं मी आधी वाचावीत.

चुकांचं पहिलं, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. बर्ड्झ हा अमेरिकन बँड. ‘बर्ड्झच्या पहिल्या अल्बमवर बर्ड्झ जवळजवळ नाहीतच’ असं मी लिहून गेलो. तसं नाही. जानेवारी १९६५ मध्ये हॉलिवूडच्या कोलंबिया स्टुडिओत ‘मिस्टर टॅम्बरिन मॅन’ आणि त्या सिंगलची मागची बाजू, एवढी दोनच गाणी बाहेरच्या वादकांनी वाजवली. ड्रम्सवर हॅल ब्लेन, बेसवर लॅरी नेक्टेल. बँडपैकी वाजवायला एकटा रॉजर मॅग्विन, त्याची बारा तारांची रिकनबॅकर गिटार घेऊन. बँडमधले क्रॉस्बी आणि क्लार्क फक्त गायला. अल्बममधलं बाकी सगळं बँडनेच वाजवलं आहे. आणि तुमच्या बाजूचा आणखी एक पुरावा मीच देतो. पुढे ‘टर्न! टर्न! टर्न!’ त्यांनी स्वतः वाजवलं आणि तेही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. फरक एवढाच, की मॅग्विनच्या सांगण्यानुसार ब्लेन मंडळींनी तीन तासांत दोन गाणी संपवली होती, आणि बँडला या एका गाण्याला ७७ टेक लागले, म्हणजे ते ७७ वेळा वाजवावं लागलं. कंपनी पैसे मोजत होती ते या फरकाचे.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. किंक्स या इंग्लिश बँडच्या ‘यू रियली गॉट मी’मधला गिटार सोलो जिमी पेजचा (पुढे लेड झेपलिनचा गिटारवादक), हे मी ऐकीव गोष्टीवर ठोकून दिलं. तो सोलो किंक्सच्याच डेव्ह डेव्हिसचा, आणि पोरगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. पेज त्या काळात लंडनच्या स्टुडिओंतून इतका वाजवत फिरत होता, की जे जमलंय ते त्याच्या नावावर खपवायची लोकांना सवय लागली. माझ्यासकट. पण त्याच गाण्यातले ड्रम्स मात्र खरंच बाहेरच्या माणसाचे, बॉबी ग्रॅहमचे आहेत. किंक्सचा ड्रमर मिक एव्हरी, त्याच्या हातात टॅम्बरिन दिली होती. त्याच्या दोन वर्षं आधी, सप्टेंबर १९६२ मध्ये, बीटल्सच्या ‘लव्ह मी डू’च्या वेळी त्यांचा ड्रमर रिंगो स्टारचंही हेच झालं. ड्रम्सवर अँडी व्हाइट आणि रिंगोच्या हातात टॅम्बरिन. लंडनमध्ये ड्रमरला खंजिरी धरायला लावली की त्याने काय ते समजून घ्यायचं. (तुमच्याकडे दोन्ही ‘लव्ह मी डू’ असतील तर लावून बघा. टॅम्बरिन वाजते ती अँडी व्हाइटची, अल्बमवरची. टॅम्बरिन नसलेली रिंगोची, सुरुवातीच्या सिंगलवरची.)

आता ‘भाडोत्री’कडे वळतो. मी स्वतः चार वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड बडवला आहे. नाइटचे पैसे घेतले, जेवलो, टेम्पोत सामान चढवलं. त्या गाण्यांवर माझा काडीचा हक्क नाही, कारण मी नक्कल करत होतो. तुम्ही सेशन वादकांनाही याच मापाने मोजता आहात, आणि पुष्कळ वेळा ते माप चालतंही. बेसवादक हर्बी फ्लॉवर्सचं बघा. १९७२ मध्ये लू रीडच्या ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’साठी त्यांनी आधी उभा डबल बेस वाजवला, मग त्यावर दहा स्वर वर इलेक्ट्रिक बेस चढवला. एक खाली उतरतो तेव्हा दुसरा वर घसरतो. गाणं सुरू झाल्यावर पहिल्या दोन सेकंदांत आपण ते ओळखतो ते यामुळेच. कल्पना त्यांचीच. दोन वाद्यं वाजवली की बिदागी दुप्पट, हेही त्यामागचं एक कारण, असं ते हसत सांगायचे. मिळाले सतरा पौंड. त्यांनी कधी भांडण काढलं नाही, तर मी कोण काढणार?

पण क्लेअर टॉरीचं काय करायचं?

जानेवारी १९७३, रविवार, अ‍ॅबी रोड. पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’चं काम संपत आलं होतं. बँडच्या रिक राइटने पियानोवर एक रचना केली होती, सुंदर पण मुकी. ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्सने टॉरीचं नाव सुचवलं. वय पंचवीस. गाजलेल्या गाण्यांच्या स्वस्तातल्या नकला जे अल्बम विकायचे, त्यांवर ती गायची. म्हणजे माझ्या ऑक्टोपॅडचीच जातकुळी. तिला सांगितलं, शब्द नाहीत, चालही नाही, काहीतरी गा. तिने ‘ऊ बेबी’ वगैरे सुरू केलं. ते नको म्हणाले. मग तिने ठरवलं, की आपण गायिका नाहीच, आपला गळा हे एक वाद्य आहे. दोन पूर्ण टेक झाले, तिसरा तिने अर्ध्यात थांबवला. आता तेच तेच येतंय असं तिला वाटलं. हे घेणार नाहीत असं समजून ती घरी गेली. रविवार असल्यामुळे दुप्पट दर, म्हणून ३० पौंड. तिचा आवाज खरंच घेतला आहे हे तिला कळलं ते अल्बम दुकानात दिसल्यावर.

आता तुम्हीच सांगा, ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ तुम्हाला कोणी गुणगुणायला सांगितलं तर काय गुणगुणाल? राइटचा पियानो की टॉरीचा आक्रोश? आपल्या भाषेत सांगायचं तर बंदिश राइटची आणि विस्तार सगळा टॉरीचा. आपल्याकडे विस्तार गवयाचा असतो यावर वाद होत नाही. तिकडच्या श्रेयनामावलीत मात्र विस्ताराला रकानाच नव्हता. ‘गायिका’ म्हणून तिचं नाव पहिल्यापासून छापलं होतं, पण रचनाकार एकटा राइट. २००४ मध्ये तिने दावा लावला, २००५ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि तेव्हापासून राइटच्या नावाबरोबर गायनरचनेसाठी तिचंही नाव लागतं. तीस वर्षांनंतर. ३० पौंडांत तिचे तीन तास विकत घेतले होते. त्या तासांत तिने जे रचलं त्याची किंमत कोणी ठरवलीच नव्हती. माझा आक्षेप या एका जागी आहे, आणि त्यात बँडांना खाली ओढण्यासारखं मला काही दिसत नाही.

तबलजीचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते तुमच्याच विरुद्ध जातं. मैफलीत तबलजी सगळ्यांसमोर बसलेला असतो. निवेदक त्याचं नाव घेतो, चांगली लग्गी लागली की टाळी त्याला मिळते. बर्ड्झच्या सिंगलवर ब्लेनला कोण बघणार होतं? आणि नाव छापलं तरी धड छापतील असं नाही. ‘गिमी शेल्टर’मध्ये आवाज फाटेपर्यंत गाणारी मेरी क्लेटन, तिच्या ‘मेरी’चं स्पेलिंग रोलिंग स्टोन्सच्या १९६९ च्या अल्बमवर चुकीचं आहे. गरोदर बाईला मध्यरात्री घरून बोलावून गाऊन घेतलं होतं.

आपल्याकडचाच विषय निघालाय तर अजून एक. बीटल्सच्या ‘लेडी मॅडोना’ या सिंगलची दुसरी बाजू, ‘द इनर लाइट’. त्यात एकाही बीटलने वाद्य वाजवलेलं नाही. सगळं वादन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत झालं. जॉर्ज हॅरिसन टेप घेऊन लंडनला गेला आणि तिथे त्यावर गायला. बासरीवर हरिप्रसाद चौरसिया होते. हे तुम्ही त्या सिंगलवर वाचलंय का?

तेव्हा एलपींच्या मागची नावं वाचायचा तुमचा सल्ला मान्य. आता एवढं कराच. बीटल्सचा ‘रिव्हॉल्व्हर’ काढा आणि मागे ‘लव्ह यू टू’समोर बघा. तबला, अनिल भागवत. छापील नाव आहे, आणि आडनावापाशी तुम्हीही थोडे थबकाल. मग ‘सार्जंट पेपर’ काढा, पुढच्याच वर्षीचा. मागे गाण्यांचे शब्द अक्षर न् अक्षर छापले आहेत. त्यात ‘विदिन यू विदाउट यू’ शोधा, आणि दिलरुबा कोणी वाजवला ते मला तिथून वाचून दाखवा.

मूळ लेखातल्या दोन्ही चुका दुरुस्त केल्या आहेत. त्या तुमच्यामुळे सापडल्या हेही तिथेच लिहिलं आहे.