तात्यांची बादली

परवा वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात सामुदायिक रेडिओचे उद्घाटन झाले आणि आभारप्रदर्शनात सूत्रसंचालकांनी ‘तांत्रिक अडचण दूर करणारे आपले तात्या, आणि वायरिंगचे काम करणारे गृहस्थ’ असा उल्लेख केला. ते गृहस्थ म्हणजे मी.

ध्वनिमिश्रणाचा कन्सोल मी तीन दिवस बसवीत होतो. ४८ एक्सएलआर कनेक्टर (माइकच्या केबलीच्या टोकाचे गोल जोड), प्रत्येकाला तीन पिना, म्हणजे १४४ सोल्डर. एक नंबरला शील्ड, म्हणजे तारांभोवतीचे धातूचे आवरण; दोनला हॉट, म्हणजे सुलटा आवाज नेणारी तार; तीनला कोल्ड, म्हणजे तोच आवाज उलटा नेणारी. दोन आणि तीन यांची अदलाबदल झाली तर आवाज उलट्या फेजमध्ये जातो आणि दोन माइकांसमोर बोलणारा एकच माणूस स्वतःलाच खोडून टाकतो. मे महिन्यातल्या त्या कोंदट खोलीत, खाऱ्या हवेने आधीच हिरवट पडू लागलेली तांब्याची टोके खरवडून मी हे सारे करीत असताना जागेचे मालक तात्या दारात खुर्ची टाकून बसले होते.

“रे झिला, गाणी लावूक इतक्यो वायरी कित्याक? आमच्या देवळातल्या मशिनीक दोनच वायरी, तरी दशावतार पलीकडच्या वाडीत आयकाक येता.”

दोन वायरींत उलटसुलट जाणारा तोच आवाज आणि दोहोंत सारखाच शिरणारा गोंगाट यांची वजाबाकी कशी होते, हे मी त्यांना पाच मिनिटे समजावून सांगितले. त्यांनी अत्यंत शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मगे तिसरी कित्याक?”

तिसऱ्या दिवशी फेडर (कन्सोलवरची आवाजाची सरकपट्टी) वर केला आणि स्पीकरमधून ५० हर्ट्झची गुणगुण सुरू झाली. तात्या खुर्चीवरून उठले. “अर्थिंगाक तान लागली हा,” असे सांगून ते बादली घेऊन मागील दारी गेले.

दोष मला कळला होता. संगणक खोलीच्या एका टोकाच्या बोर्डावर आणि कन्सोल दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर होता, आणि दोघांची अर्थ जोडणारी शील्डची तार मधे होती. ग्राउंड लूप, म्हणजे अर्थच्या तारांचा बंद फेरा, तयार झाला होता आणि त्यात फिरणारी वीज गुणगुणत होती. (अशा वेळी काही शहाणे प्लगची अर्थची पिनच काढून टाकतात, त्याने गुणगुण जाते आणि कधीकधी माणूसही.) मी संगणकाच्या केबलची शील्ड कन्सोलकडच्या टोकाला सोडवली. गुणगुण थांबली. नेमक्या त्याच क्षणी मागच्या बाजूला जांभ्यातल्या खड्ड्यात पाणी ओतल्याचा धबधब आवाज आला आणि समितीच्या चार सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या माझ्यासाठी नव्हत्या.

रात्री एकट्याने मी शील्ड पुन्हा जोडून पाहिली. खड्डा ओला होता, तरी गुणगुण परत आली; सोडवली, गेली. प्रयोग निर्विवाद ठरला, पण साक्षीला भिंतीवरच्या पालीखेरीज कोणी नव्हते. शिवाय सत्याशी प्रामाणिक राहायचे तर हेही लिहिले पाहिजे की कोरड्या जांभ्यात कोळसा आणि मीठ घातलेल्या खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी द्यावेच लागते, नाहीतर अर्थिंगचा रोध वाढतो. तात्यांचे चूक नव्हते, आणि तेच मला अधिक झोंबले.

याहूनही झोंबले ते बिलामुळे. खजिनदारांनी ठरलेल्या रकमेतली एक दिवसाची मजुरी सौम्य शब्दांत बाजूला ठेवली. त्यांचे म्हणणे असे की, पहिल्याच दिवशी पाणी घातले असते तर तिसरा दिवस लागलाच नसता. मी १४४ सोल्डरांचा हिशेब पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि तात्यांकडे पाहिले. तात्यांनी मोठ्या मनाने, “पोराक देवन टाका,” असे सांगितले, म्हणून पैसे मिळाले.

आता कन्सोलच्या वर भिंतीवर खडूने लिहिले आहे: ‘रोज एक बादली, न चुकता.’ शील्डविषयी मी लिहिलेली चिठ्ठी त्याच बादलीखाली, फरशी ओली होऊ नये म्हणून, चौघडी करून ठेवली आहे.