‘लेबल वाचता येत नाही का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सारख्या दिसणाऱ्या अँप्यूलमुळे, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या बंद कुप्यांमुळे, नर्सच्या हातून चुका होतात, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘लेबल वाचायचा आळस सिस्टरांचा आणि खापर कंपन्यांवर.’ दोन दिवस हे वाक्य डोक्यातून जात नाही.

आधी तुमची दुरुस्ती. मी नुसतं ‘पोटॅशियम’ लिहिलं होतं, ‘पोटॅशियम क्लोराइड’ हवं होतं. मान्य. बदललं आहे.

पण आळस? कॅज्युअल्टीत एक तरी नाइट काढली आहे का तुम्ही? मी बावीस वर्षं काढल्या. पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल 10 मिलीची, प्लास्टिकची, आतलं औषध पाण्यासारखं. अँटिबायोटिकची पावडर विरघळवायचं पाणीही तसल्याच अँप्यूलमध्ये येतं. पोटॅशियम सलाइनमध्ये मिसळून सावकाश द्यायचं असतं. तसंच शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. एका रात्री अपघाताचे चार पेशंट एकदम आले. पाण्याच्या ट्रेमध्ये कुणीतरी पोटॅशियम ठेवलं होतं. मी अँप्यूल तोडली, सिरिंज भरली. शेजारी उभी असलेली विद्यार्थिनी हळूच म्हणाली, ‘सिस्टर, हे पाणी नाहीये.’ मी लेबल वाचलं होतं हो! हात पाण्याच्या ट्रेमध्ये गेला होता, म्हणून डोळ्यांनीही पाणीच वाचलं. त्यानंतर कितीतरी महिने मी प्रत्येक अँप्यूल उजेडात धरून मोठ्याने वाचायचे. अशा बाईला तुम्ही आळशी म्हणता, तेही घरी बसून?

आणि हे फक्त आम्हा नर्सचं रडगाणं नाही. मलेरियाच्या ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या दोन औषधांच्या नावांवरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 2001 च्या त्या निकालात न्यायालयाने मान्य केलं, की शिकलेले डॉक्टर आणि फार्मासिस्टही चुकू शकतात, म्हणून औषधांच्या नावांतलं साम्य इतर मालापेक्षा जास्त कडकपणे तपासलं पाहिजे. न्यायाधीशांना हे पटलं. तुम्हाला का पटू नये?

औषध दोघींनी तपासायच्या नियमाबद्दल तुम्ही विचारलंत. नियम आहे, मलाही पाठ आहे. रात्री दुसरी सिस्टर आणायची कुठून, ते सांगा, मग बोलू. बाकीच्या मुद्द्यांत मला काही दम दिसला नाही.

पोटॅशियम ट्रॉलीवरून काढून वेगळं कुलपात ठेवा आणि त्याच्या अँप्यूलचा रंग बदला, एवढंच मी लेखात मागितलं होतं. आजही तेच मागते आहे. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण तो एक शब्द मागे घेऊन.