कांद्याचा चातुर्मास

दर जुलैत मी एक कागद तयार करते. पुढे 'विद्यार्थ्यांकडून अपेक्षा' आणि पाठीमागे १५ आठवड्यांचं वेळापत्रक. बडोद्याच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी जीवशास्त्र शिकवते, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही, आणि या कागदावर माझा फार जीव. लग्नपत्रिकेचं प्रूफसुद्धा मी इतक्या काळजीनं तपासलं नव्हतं. (पत्रिकेत नवऱ्याचं आडनाव चुकलं होतं. तो विषय आमच्याकडे अजून निघतो.)

अपेक्षा साध्याच आहेत. पांढरा एप्रन, बंद बूट, केस बांधलेले, लॅबमध्ये खाणं नाही, हजेरी ७५ टक्के. आकृती पेन्सिलीनं, नावं उजव्या बाजूला एका रेषेत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, भिंगाखाली दिसेल तेच काढायचं, पुस्तकातलं नाही. इथेच सगळं अडतं. सूक्ष्मदर्शकाला पहिल्यांदा डोळा लावणाऱ्याला आधी स्वतःची पापणी दिसते आणि मग हवेचा बुडबुडा. बुडबुडा दिसायला फार देखणा असतो. काळी जाड कड, आत लख्ख गोल. निम्मा वर्ग मन लावून तोच काढतो आणि खाली 'पेशी' असं लिहून मोकळा होतो. मी फार बोलत नाही. रॉबर्ट हूकनं १६६५ साली बुचाच्या कापात ज्या कप्प्यांना 'सेल' म्हटलं, तेही आतून रिकामेच होते.

कागद वाटला की पहिला प्रश्न ठरलेला: "मॅम, हे परीक्षेला येणार?" दुसरा: "मॅम, पीडीएफ पाठवाल?" पीडीएफ पाठवली की कागद बाकावर राहतो आणि पीडीएफ ग्रुपवर. संध्याकाळी लॅबचे काका बाकांवरचे कागद गोळा करतात आणि स्लाइड पुसायला ठेवतात. वर्षभर पुरतात, असं ते मला कौतुकानं सांगतात.

नव्या शैक्षणिक धोरणात प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास लागतात, म्हणजे १५ आठवडे, दर आठवड्याला दोन तास. माझ्या वाट्याला बुधवार आला, अकरा ते एक. पहिल्या आठवड्यात नियम, दुसऱ्यात सूक्ष्मदर्शक. तिसऱ्यात साचलेलं पाणी आणायचं, त्यातले एकपेशीय जीव बघायला. इथे मला एक तळटीप घालावी लागते, जी पुण्या-नाशिकच्या प्राध्यापिकांना लागत नसेल: 'पाणी आणायला विश्वामित्रीवर जाऊ नये.' आमची नदी भर शहरातून वाहते आणि तिच्यात मगरी राहतात, एकदोन नव्हे, शेकड्यांनी. अमीबा शोधायला गेलेल्या पोराची पाठीचा कणा असलेल्या कुणाशी गाठ पडायला नको. तरीही एकजण दरवर्षी विचारतोच, "मॅम, पुलावरून बादली सोडली तर?"

चौथा, पाचवा, सहावा, सातवा आठवडा सोडून देते. रक्तगट तपासताना व्यायामशाळेत जाणारी दोन मुलं सुई बघून खाली बसली, एवढंच सांगण्यासारखं.

खरी गोष्ट आठव्या आठवड्याची. मायटोसिस, म्हणजे पेशीचं विभाजन. हे नाव वाल्टर फ्लेमिंगनं १८८२ मध्ये दिलं, सॅलॅमँडरच्या पेशींवर काम करताना. सॅलॅमँडर काही खंडेराव मार्केटात मिळत नाही, कांदा मिळतो. कांद्याच्या मुळाच्या टोकाशी पेशी सारख्या विभागत असतात, आणि तिथली १६ गुणसूत्रं चांगली ठसठशीत असतात. फक्त कांद्याची मर्जी सांभाळावी लागते. त्याची जुनी वाळकी मुळं खरवडायची, तो बाटलीच्या तोंडावर असा बसवायचा की बूड जेमतेम पाण्याला टेकेल, आणि रोज पाणी बदलायचं. चार दिवसांत पांढरी नवी मुळं फुटतात. सकाळी आठ ते दहाच्या सुमारास, विभाजन जोरात असताना, टोकं कापून अल्कोहोल आणि अॅसिटिक आम्लाच्या मिश्रणात २४ तास ठेवायची. म्हणजे बुधवारच्या प्रॅक्टिकलसाठी मंगळवारी सकाळी कापणी आणि शुक्रवारी पेरणी. शनिवार-रविवार लॅबला कुलूप. त्यामुळे कांदे माझ्या घरी येतात.

आणि माझ्या घरी चातुर्मास असतो.

आमच्या दांडिया बाजारातल्या घरात कांदेनवमीच्या रात्री शेवटची भजी तळली जातात. त्यानंतर कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा, लसूण आणि वांगं उंबऱ्याबाहेर. सासूबाईंचा हा नियम चाळीस वर्षांत मोडलेला नव्हता. विद्यापीठाचं सत्र आणि चातुर्मास हातात हात घालून येतात, हे धोरण आखणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं.

त्या वर्षी, म्हणजे २०२४ साली, ऑगस्टमध्ये मी मार्केटात गेले. कांदेवाला टणक, चकचकीत कांदे निवडून देत होता आणि मी एकेक परत ठेवत होते. मला हवा होता जुना, हिरवा कोंब डोकावणारा. शेवटी वैतागून त्यानं मागची फेकायची टोपली पुढे ओढली. "बेन, आ तो सडेली छे." म्हटलं, "मारे ए ज जोईए छे." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. पैसे घेतले नाहीत. वर दोन चांगले कांदे आणखी पिशवीत घातले आणि "काही लागलं तर या" अशा अर्थाचं काहीतरी हळू आवाजात बोलला.

घरी आल्यावर मुख्य परीक्षा.

"खायचे नाहीत, आई. मुळं कापायची आहेत."

"आणि मुळं कापून झाल्यावर कांद्याचं काय?"

"टाकून देणार."

"म्हणजे अन्न टाकणार?"

एका बाजूला चातुर्मास, दुसऱ्या बाजूला अन्नाची नासाडी. या कात्रीतून मी निसटते आहे तोवर निकाल लागला. कांदे उंबऱ्याच्या आत येणार नाहीत. जिन्याच्या खिडकीत राहतील. मी कफ सिरपच्या, मधाच्या, लोणच्याच्या अशा मिळतील त्या आठ बाटल्या मांडल्या, आणि हे कॉलेजचं अधिकृत काम आहे हे घरात ठसावं म्हणून वेळापत्रक मराठीत उतरवून फ्रीजवर चिकटवलं. 'कांदा: रोज पाणी बदलणे. मंगळवार, सकाळी ८ ते १०, टोकं कापणे.' कुणी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. नवऱ्यानं त्यावर दूधवाल्याचा हिशेब लिहिला.

प्रॅक्टिकल २८ ऑगस्टला होतं. २६ला जन्माष्टमी, आणि त्या दिवशी पाऊस जो लागला तो लागलाच. विश्वामित्रीनं पात्र सोडलं. आमची गल्ली पाण्यात गेली, वीज गेली, कॉलेजचा रस्ता बंद. वनखात्यानं तीन दिवसांत वस्त्यांमधून दोन डझन मगरी पकडल्या. माझी तळटीप उलटीच झाली. आता विश्वामित्रीच आमच्याकडे आली होती.

मंगळवारी सकाळी आठ वाजता मी जिन्यात ब्लेड घेऊन उभी होते. मुळं अप्रतिम आली होती, बरोबर दोन सेंटिमीटर. पण टोकं ठेवायचं मिश्रण कॉलेजच्या कपाटात होतं आणि कपाट पाण्यापलीकडे. कांद्याला यातलं काही कळण्याचं कारण नव्हतं. तो वाढत राहिला. गुरुवारपर्यंत आठही कांद्यांना साधूबाबांसारख्या दाढ्या फुटल्या होत्या.

गुरुवारी घरात तांदूळ, डाळ, दोन बटाटे आणि डबाभर बेसन एवढंच उरलं. भाजी तीन दिवस आली नव्हती. सासरे सकाळपासून हात मागे बांधून जिन्यात फेऱ्या घालत होते. एकदा म्हणाले, "काय पाऊस पडतोय." मग थोड्या वेळानं, कुणालाच उद्देशून नाही असं, "बेसन आहे ना घरात?"

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पदर खोचून उठल्या. "आपद्धर्म," एवढंच म्हणाल्या आणि खिडकीतल्या बाटल्यांकडे गेल्या.

आठवा आठवडा आम्ही खाल्ला. कुरकुरीत झाला होता. खराब पापुद्रे काढून जेवढं निघालं तेवढं, आणि वर त्या भल्या माणसानं दिलेले दोन. सासऱ्यांनी तीनदा घेतली. सासूबाईंनी स्वतः वरणभातच खाल्ला, पण तळताना त्यांनी सगळी मुळं कापून एका वाटीत बाजूला काढली होती. ती वाटी माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "ही तुझी. तुला हीच हवी होती ना?"

पाणी ओसरलं. चिखल काढण्यात, मग गणपतीत, सप्टेंबर गेला. मी 'सुधारित वेळापत्रक' काढलं. मायटोसिस आता चौदाव्या आठवड्यात, ९ ऑक्टोबरला. ग्रुपवर टाकल्याबरोबर पंचवीस अंगठे आले, आणि पाठोपाठ एक निरोप: "मॅम, नवरात्र आहे."

बडोद्यात हे वाक्य पूर्ण असतं, पुढे काही जोडावं लागत नाही. नऊ रात्री शहर गरबा खेळतं, आणि सकाळचे अकरा म्हणजे पहाट. पण सत्र संपत आलेलं, मला हलवायला जागा नव्हती. पुन्हा मार्केट, पुन्हा सडके कांदे. या वेळी कांदेवाल्यानं मला पाहूनच टोपली पुढे केली. पुन्हा जिन्याची खिडकी, आणि आता तर घरात घट बसलेले. देवघरात परडीतल्या मातीत गहू रुजत घातला होता. तो दरवर्षी न चुकता दसऱ्यापर्यंत वीतभर वाढतो. त्याला कुणी पीडीएफ पाठवत नाही.

आता कबुली. मीही गरब्याला जाते. सोमवारी रात्री गेले, त्यानंतर सगळ्यांबरोबर सेवउसळ खाल्ली, दीड वाजता घरी आले आणि साडेसातचा गजर लावून झोपले. गजर वाजला असेल. मला माहीत नाही.

"अगं ऊठ. आठ वाजून गेले. दहानंतर तुझे कांदे ऐकायचे नाहीत."

मी डोळे उघडले तर सासूबाई सोवळ्यात दारात.

"तुम्हाला कसं माहीत?"

"फ्रीजवर लिहिलंय की."

जिन्यात गेले. बाटल्यांमधलं पाणी नितळ होतं. मला एकदम आठवलं की शनिवारपासून मी पाणी बदललेलंच नव्हतं. खिडकीच्या कोपऱ्यात स्वयंपाकघरातली जुनी सांडशी ठेवलेली होती. कांद्याला हात लागू नये म्हणून त्या रोज पूजेआधी सांडशीत एकेक कांदा उचलत, बाटली ओतून भरत आणि कांदा परत बुडावर बसवत होत्या. पंचेचाळीस विद्यार्थी, तीन सहकारी आणि एक नवरा यांच्यापैकी कुणीही न वाचलेला माझा कागद त्यांनी दूधवाल्याच्या हिशेबाखालून शब्दन् शब्द वाचला होता. सेंटिमीटरचं मापसुद्धा बरोबर. "दोनच्या वर गेली नाहीत," म्हणाल्या, "परवा एक जरा पुढे पळत होता, त्याला उजेडातून बाजूला केला." जीवशास्त्रात याला आधार आहे का, ते मी विचारलं नाही.

बुधवारी वीसजणांच्या तुकडीतले सातजण आले. एकीच्या कपाळावर रात्रीची टिकली तशीच. एकजण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून इतका वेळ निश्चल राहिला की मला त्याच्या एकाग्रतेचं कौतुक वाटलं. हलवल्यावर कळलं की तो झोपला होता, डोळ्याभोवती गोल वळ उठला होता. अंगठ्यानं स्लाइड दाबताना दोघांनी कव्हरस्लिप फोडल्या. एकानं बुडबुडा काढला.

पण मागच्या बाकावरच्या एका मुलाला बरोबर सापडलं. लालसर गुणसूत्रं वर्तुळात मांडलेली: मेटाफेज, म्हणजे विभाजनात गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर येतात ती पायरी, थेट वरून. तो बघतच राहिला. "मॅम, हे तर रिंगणात उभे आहेत. अजून ढोल सुरू नाही झाला." त्यानं पुस्तक न उघडता, दिसलं तसं काढलं, थोडं वाकडं. दहापैकी दहा दिले.

रात्री उरलेल्या तेराजणांच्या वतीनं ग्रुपवर निरोप आला. मी तो मोठ्यानं वाचला: "मॅम, मायटोसिस राहिलं. रिपीट कधी?"

सासूबाई घटावर पाणी शिंपडत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "सांग त्यांना, कार्तिकी एकादशीनंतर. आणि फ्रीजवर लिहून ठेव, म्हणजे माझ्या लक्षात राहील."