राडा म्हणजे काय, विचारा माझ्या आत्याला

सध्या फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: 'राडा' म्हणजे मारामारी, दुसरा अर्थच नाही, हा मुंबईच्या टपोऱ्यांचा शब्द, पुण्याच्या मराठीत नव्हताच, सिनेमावाल्यांनी तो कौतुकाला वापरून उलटा केला, आणि बातमीदारांनी आळसापायी डोक्यावर घेतला. म्हणून 'राडा' हद्दपार करा, 'हाणामारी' लिहा. मी मथळे लावून पोट भरतो, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी मारामारीचं बघू. पावसाळ्यात मुळशीला गेलो की आत्या उंबऱ्यातूनच ओरडते, "दारात सगळा राडा झालाय, पाय धुऊन ये रे!" तिथं कुणी कुणाला हाणलेलं नसतं, चिखल असतो. पुण्यात तर हा शब्द सरकारी कागदावर आहे. पाडलेल्या बांधकामाच्या माती-विटांना महापालिका 'राडारोडा' म्हणते आणि तो नदीपात्रात टाकू नका म्हणून वर्षानुवर्षं बजावते. (टाकणारे टाकतातच, तो वेगळा राडा.) पोरांनी खेळणी पसरली की तोही राडाच. 'दारात' आहे की 'दोन गटांत', एवढ्यावरून ऐकणाऱ्याला कळतं.

मुंबईनं मारामारीचा अर्थ गाजवला, हे कबूल. गाजवणाऱ्याच्या नावावर सातबारा होत नसतो.

'बॉक्स ऑफिसवर राडा' वाचून मजकूरकर्त्याला घेरी आली म्हणे. पण शेवटी त्यानंच 'मराठीची जबरदस्त परंपरा' असं लिहिलंय! जबरदस्त हा मूळ फारसी. ज्याचा हात वरचा तो जबरदस्त, म्हणजे दांडगा. 'जबरदस्ती'त ते दांडगेपण अजून शाबूत आहे, 'जबरदस्त'ला मात्र आपण टाळ्या वाजवतो. 'भयंकर आवडलं' म्हणणाऱ्या सदाशिव पेठेतल्या आजींना तरी कुठं भय वाटतं? विसर्जनानंतर भाचा सांगतो, "मामा, अलका चौकात आपल्या पथकानं राडा केला!" तेव्हा मी जामिनाची चौकशी करत नाही, ताशा कोण वाजवत होतं ते विचारतो.

राहिला बातमीदारांचा आळस. इथं मजकुरात थोडं तथ्य आहे. 'राडा' दोन अक्षरांचा. एका कॉलमच्या मथळ्यात 'हाणामारी' बसवून दाखवा. पण खरी अडचण वेगळीच आहे. घोषणाबाजी, खुर्च्यांची फेकाफेक, डोक्यात घातलेला रॉड, सगळ्यावर हा शब्द एकच चादर टाकतो. दंगलीचा गुन्हा लावायला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९१ प्रमाणे आधी किमान पाच जणांचा बेकायदा जमाव लागतो. राड्यातली माणसं कुणी मोजतच नाही.

आणि त्यावर 'हाणामारी' हा उतारा? परवा माझ्यासमोर बातमी आली, 'सोसायटीच्या सभेत राडा'. बातमी पाठवणाऱ्या पोराला फोन लावला, नेमकं झालं काय?

"टँकरच्या बिलावरून चेअरमनच्या हातातला माईक ओढला, सर."

"कुणाला लागलं?"

"नाही हो. माईक मोडला."

'हाणामारी' लिहिली असती तर चक्क खोटं छापलं असतं. 'टँकरच्या बिलावरून सभेत माईकची ओढाताण' असा मथळा केला. तीन ओळी गेल्या, खालची पाककृती आतल्या पानावर ढकलावी लागली.