पडदा, मिसळ आणि दुतोंड्या मारुती

गोदावरीला पूर आला की आम्ही नाशिककर विसर्गाचे आकडे नंतर ऐकतो. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, हे आधी विचारतो. माझ्या संगणकावरची संकटेही घरात याच मापाने मोजली जातात: अक्षरे अवाढव्य झाली तर गुडघा, पडदा लुकलुकू लागला तर कंबर आणि पडदा ठार काळा झाला तर मारुती बुडाला.

गेल्या रविवारी, मिसळ खायला निघण्यापूर्वी, संगणकाची लिनक्स ही कार्यप्रणाली ‘दोन मिनिटांत’ अद्ययावत करण्याची दुर्बुद्धी मला झाली. नवे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आले. पडद्यावर चित्र पाठवणारे ग्राफिक्स कार्ड चालवणारा, कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. तो बांधला जात असतानाच मी घाईने यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. मारुती बुडाला.

“झालं का?” सौभाग्यवतींनी विचारले.

“संगणक सुरू आहे, फक्त दिसत नाही.”

“म्हणजे गॅस सुरू आहे, फक्त पेटलेला नाही, तसंच ना?” असे म्हणून त्या शेजाऱ्यांबरोबर मिसळीला गेल्या.

कंट्रोल, आल्ट आणि एफ३ दाबून मी अक्षरांच्या काळ्या खोलीत उतरलो आणि पडद्यावर खिडक्या-चित्रे मांडणाऱ्या एक्सची नोंदवही उघडली. ही एक्स विंडो प्रणाली एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात १९८४ साली जन्मली. तिच्या आधीच्या प्रणालीचे नाव डब्ल्यू होते, म्हणून हिचे एक्स. तिची अकरावी आवृत्ती १९८७ साली आली आणि बारावी अजून आलेली नाही. आमच्याकडे एवढी वर्षे अकरावीत काढणाऱ्या मुलाला वडिलांनी केव्हाच दुकानावर बसवले असते. क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी २००८ साली एक्सची जागा घेऊ पाहणाऱ्या वेलँडचे काम सुरू केले खरे, पण ड्रायव्हरच गैरहजर असताना वेलँड तरी काय दाखवणार? नोंदवहीत शेवटी लिहिले होते, ‘नो स्क्रीन्स फाउंड’. चोवीस इंचांचा पडदा माझ्या नाकासमोर होता आणि त्यावरच मी हे वाचत होतो.

वास्तविक नूव्हो नावाचा मुक्त ड्रायव्हर यंत्रात होताच. फ्रेंचमध्ये नूव्हो म्हणजे नवा. कार्डाचे वागणे बारकाईने न्याहाळून, त्यावरून आतली रचना ताडत स्वयंसेवकांनी तो प्रामुख्याने उभा केला. परंतु बंदिस्त ड्रायव्हरने घरात पाऊल टाकतानाच त्याला काळ्या यादीत घातले होते, आणि आता तो बंदिस्त स्वतःही जागेवर नव्हता! मोबाइलवरच्या मुंगीएवढ्या सूचना वाचत, एकेक आज्ञा दोनदा चुकत, मी बंदिस्त ड्रायव्हर काढला, काळी यादी पुसली आणि देवाचे नाव घेऊन यंत्र पुन्हा सुरू केले. पडद्यावर चित्र उमटले, तेवढ्यात फोन वाजला.

“पाणी कुठवर?”

“ओसरलं.”

“मग या लवकर. रस्सा तळाला लागलाय.”