आधी प्लग पॉइंट बघा, मग ब्रँड

डिशवॉशर खरेदीवरच्या या लेखात ब्रँड आणि किमतींचा तक्ता छान दिलाय, पण नव्या घरात खरी मारामारी जागेची आणि जोडणीची असते. आमच्या मुलुंडच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने सिंकजवळ ६ अँपिअरचाच पॉइंट दिला होता. मशीनला लागतो १६चा. कोऱ्या टाइल्स फोडल्या तेव्हा सौ.चा चेहरा बघण्यासारखा होता! मोठ्या मशीनला ओट्याखाली साधारण ६० सेंटीमीटर रुंदी लागते, ती फर्निचर करण्याआधीच सुताराला सांगा.

दुसरं म्हणजे पाणी. भातसा-तानसा धरणांचं मुंबई पालिकेचं पाणी मऊ असतं, पण सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचं येत असेल तर काचेच्या ग्लासांवर पांढरे डाग पडतात. त्यासाठी डिशवॉशरचं वेगळं मीठ मिळतं, तेच मशीनमध्ये घाला, स्वयंपाकाचं नको.

आणि हो, हिंडालियमची कढई आत टाकू नका, काळी पडते. लोखंडी तवाही नाही, गंजतो. तेवढं हातानेच घासायचं. आमच्याकडे स्टीलचा कुकर मात्र ७० डिग्रीच्या सायकलवर लख्ख निघतो, फक्त शिटी आणि रिंग काढून ठेवतो. विकत घेण्याआधी आपल्या पिनकोडला सर्व्हिसवाला किती दिवसांत येतो, तेही विचारा.