पक्षी दिसला म्हणून ओंजळीने पाणी पिऊ नका!

आत्याच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर 'देवपक्षी' म्हणून एक फॉरवर्ड फिरतोय, परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरपण येऊन पडला. म्हणे हा चिमुकला पक्षी नदीच्या तळाशी चालतो, त्याला माशासारखे कल्ले असतात, आपल्या माळशेज घाटात दिसतो, आणि तो ज्या ओढ्यावर बसतो तिथलं पाणी इतकं शुद्ध की न उकळता प्यायचं. आत्या पुढच्या आठवड्यात केदारनाथला निघालीये आणि काल गिरगावला गेलो तर बाईंनी क्लोरीनच्या गोळ्या बॅगेतून काढून फ्रीजवर ठेवलेल्या!

पक्षी खरा आहे, डिपर म्हणतात. तळाशी चालतो हेही खरं, दगडांना पायांनी घट्ट धरत, पंख मारत, किड्यांच्या अळ्या वेचत. पण कल्ले?? श्वास रोखून जातो हो तो, काही सेकंदांत परत वर. आणि माळशेजच काय, अख्ख्या सह्याद्रीत नाही, आपल्याकडे तो हिमालयात आणि ईशान्येला. पावसाळ्यात घाटात माणसासारखी शीळ घालतो तो शीळकरी कस्तुर, वेगळा पक्षी.

आता पाणी. थोडं खरं आहे, करतो मान्य. ओढ्याचं पाणी ॲसिडिक झालं की अळ्या कमी होतात आणि डिपरपण कमी होतो, म्हणजे पक्षी आहे तर अळ्या आहेत, इतकंच. टायफॉइड, कावीळ, जुलाबाचे जंतू तो काय चोच बुडवून तपासतो का? 2020 मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफ युनिव्हर्सिटीच्या लोकांनी साउथ वेल्समधल्या नद्यांवरच्या डिपरची विष्ठा तपासली, त्यात प्लास्टिक निघालं, त्यांच्या हिशोबाने एकेक पक्षी दिवसाला साधारण 200 कण गिळतो, तेही अळ्यांच्या पोटातून आलेले. म्हणजे पक्षी मजेत ओढ्यावर बसलाय आणि पाण्यात प्लास्टिक आहेच! घ्या शुद्ध पाणी.

आणि केदारनाथच्या वाटेवर गौरीकुंडापासून वर खेचरांची रांग असते, त्यांची लीद पावसात वाहून कुठे जाते, खाली मंदाकिनीतच ना? त्याच मंदाकिनीत दगडावर बसून हा देवपक्षी शेपटी हलवत असला तर आत्या हात जोडेल आणि ओंजळ भरेल, मला माहितीये ना तिची सवय.

आत्या, पक्षी दिसला तर फोटो काढ, मलापण पाठव. गोळ्या परत बॅगेत टाकल्यात, वरच्या कप्प्यात, जपमाळेच्या डबीशेजारी.